निकी लोस येतो कुठे?

हारतादीच्या घरी दुपारचं तेल उतरलं की कॅसेट चढते. हा नेम मोडलेला कुणी पाहिलेला नाही. जावा बेटावरच्या मलांग शहराच्या सानान वस्तीत घरोघरी तेंपेच्या चकत्या तळतात. सोयाबीनची वडी कागदासारखी पातळ चिरायची, पिठात बुडवायची आणि कढईत सोडायची, हा इथला पिढीजात धंदा. तळण आटोपलं की कुणी आडवा होतो, कुणी कबुतरं उडवायला जातो. हारतादी हात धुतो, कमरेच्या सारोंगला पुसतो आणि खिडकीतल्या टेपरेकॉर्डरमध्ये एक निळी कॅसेट घालतो. सिंडर फेरी नावाच्या इंग्रज रॉक बँडची ही कॅसेट, नाव 'सॉल्ट हार्बर', म्हणजे मिठाचं बंदर. ऐन विशीत घेतलेली. आता तो आजोबा झाला, टेपरेकॉर्डर किती आले नि गेले, कॅसेट तीच आहे.

इंग्रजी त्याला येत नाही आणि त्यावाचून त्याचं काही अडलेलंही नाही. गाणी त्याने कानाने उलगडली. पहिल्या गाण्यात गिटार सुरू व्हायच्या आधी दोरखंड ताणल्यासारखी एक करकर ऐकू येते. ती कशाची, या विचारात त्याच्या आयुष्यातल्या कितीतरी दुपारी गेल्या. ड्रमवाला प्रत्येक ठोका केसभर उशिरा मारतो. हारतादीच्या मते तो चुकत नाही, थांबतो. "चकती कढईतून नेमकी कधी उचलायची हे ज्याला कळतं ना, त्यालाच हा ड्रमवाला कळेल," असं तो भेटेल त्याला सांगतो आणि लोक बिचारे ऐकून घेतात. दुसऱ्या बाजूला ऑर्गनचा लांबच लांब तुकडा आहे, धुक्यातून भोंगा वाजवत बोट यावी तसा. तो लागला की हारतादी डोळे मिटतो आणि बायकोच्या कुठल्याही प्रश्नाला उत्तर देत नाही. लग्न होऊन आली तेव्हा वारसिनीने हे मनाला लावून घेतलं होतं. पुढे ती ऑर्गन संपायची वाट बघायला शिकली.

पण हे सगळं झालं तोंडी लावणं. त्याचा जीव अडकला होता तो शेवटच्या गाण्यात. त्यात बँडचा नेहमीचा गायक नाही. ड्रम नाही, ऑर्गन नाही. एक एकटी गिटार आणि एक पोरसवदा, कापरा आवाज. कॅसेटच्या वेष्टनावर त्या गाण्यापुढे बारीक अक्षरांत नाव छापलंय, निकी लोस. हा बँडचा पाहुणा गायक असणार, असं हारतादीने ठरवून टाकलं होतं. नावावरून ग्रीक वाटतो. खलाशी असेल. इंग्लंडच्या कुठल्या बंदरात उतरला असेल, बँडवाल्यांनी त्याला गुणगुणताना ऐकलं असेल आणि म्हणाले असतील, बाबा रे, एक गाणं तू म्हण. त्याशिवाय आवाजात इतकं दुःख यायचं कुठून? हा अख्खा इतिहास हारतादीने तळता तळता रचला होता. इतक्यांदा सांगितला होता, की आपण हे कुठेतरी वाचलंय असं त्याचं त्यालाच वाटायला लागलं होतं.

आणि या गाण्याला शेवट नव्हता. "आय कम," निकी लोस म्हणतो. मी येतो. पुन्हा म्हणतो, "आय कम." गिटार थांबते. तिसऱ्यांदा म्हणतो, "आय कम टू..." आणि खट्! टेप संपते. येतो म्हणजे कुठे येतो? एवढं इंग्रजी हारतादीलाही कळत होतं, आणि तेवढंच कळत होतं म्हणून तर सगळा घोळ. काहीच कळलं नसतं तर सुखाने झोपला असता. बंदराला येतो? आईकडे येतो? वारसिनीला विचारावं तर ती म्हणायची, "असेल कुणीतरी बाई. तुम्हाला काय करायचंय?"

त्याला करायचं होतं. त्यात गेल्या वर्षापासून घाई लागली होती, कारण कान चालले होते. तरुणपणी मलांगच्या रॉक जलशांत हा पठ्ठ्या स्पीकरला नाक लावून उभा राहायचा. मलांगचं पब्लिक भलतं तिखट, बँड आवडला नाही तर चपला फेकणारं. आणि त्या चपलांपासून सुरक्षित जागा म्हणजे स्पीकरच्या पुढ्यात. त्याचे पैसे आता वसूल होत होते. उजवा कान साफ गेला होता. डाव्याबद्दल डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हाही जाणार, हळूहळू. यंत्र बसवलं तर माणसांचं बोलणं कळेल, गाण्याचं मात्र विसरा. हारतादी घरी आला आणि कॅसेट लावून बसला. खटका पडल्यावर बायकोला म्हणाला, "बू, मी बहिरा व्हायच्या आत हा माणूस कुठे येतो ते मला ऐकायचंय." वारसिनीने त्या दिवशी त्याला टोमणा मारला नाही.

दर रविवारी सकाळी जुन्या बाजारामागच्या कॉफीच्या टपरीवर रॉकवेड्यांची बैठक भरते. पांढऱ्या शेंड्या, काळे टी-शर्ट आणि ढेऱ्या. एकेकाने आपली लाडकी कॅसेट आणायची आणि तिच्याबद्दल बोलायचं. या रविवारी पाळी हारतादीची होती. बैठकीत आनिंद्या नावाची एक दाताची डॉक्टर येते, तिशीतली, परदेशी तबकड्या जमवणारी. हारतादीला नीट ऐकू यावं म्हणून तिने कुठून कुठून शोधून 'सॉल्ट हार्बर'ची मूळ इंग्लंडची तबकडी मागवली होती आणि प्लेअरसकट घेऊन आली होती.

"पाक, आज कॅसेट नको. आज अस्सल माल," ती त्याच्या डाव्या कानाशी म्हणाली. वडीलधाऱ्या पुरुषाला इथे पाक म्हणतात.

हारतादी लाजला, मग बोलायला लागला. ड्रमवाला कसा थांबतो ते त्याने चकत्यांसकट समजावलं, आणि तबकडीवर तो ठोका इतका स्वच्छ पडला की कधी नव्हे ते सगळ्यांनी माना डोलावल्या. आनिंद्याने तबकडीच्या वेष्टनावरचा मजकूर वाचून सांगितला. पहिल्या गाण्यातली करकर दोरखंडाची नव्हती, बास वाजवणाऱ्याच्या खुर्चीची होती. हारतादी मांडीवर थाप मारून हसला. "खुर्ची! अरे देवा, खुर्ची!" इतकी वर्षं पडलेला प्रश्न सुटला, याचाच त्याला कोण आनंद. तो तिथे थांबता तर बरं होतं. पण ऑर्गन संपला, आणि तो बोट वर करून म्हणाला, "आता गप्प बसा. आता निकी लोस."

तबकडी फिरली, सुई आपणहून उचलली गेली आणि बाजूला जाऊन बसली.

"हं, लाव पुढे," हारतादी म्हणाला.

"संपलं, पाक."

"संपलं कसं? शेवटचं राहिलं ना. दुसऱ्या बाजूला असेल."

"हीच दुसरी बाजू."

आनिंद्याने गाण्यांची नावं पुन्हा वाचली. निकी लोस नव्हता. बैठक हसण्याने फुटली. कांदार नावाचा म्हातारा, एके काळी रंगमंचावर दिवे लावायचा, तो तर खुर्चीतून घसरलाच. "साम हार! अरे, चाळीस वर्षं शेजाऱ्याच्या बायकोवर प्रेम केलंस की रे तू!"

इथे 'साम' म्हणजे दादा. जावामध्ये दादाला मास म्हणतात; मलांगकर तो शब्द शेपटीकडून उच्चारतात आणि साम म्हणतात. शब्द उलटे करून बोलायची या शहराला खोडच आहे. कुणी सांगतं बाहेरच्या हेरांना कळू नये म्हणून सुरू झाली, कुणी सांगतं नुसता वात्रटपणा.

हसू आवरल्यावर कांदारनेच खुलासा केला. त्या काळी परदेशी तबकड्या इथले दुकानदार आपापल्या कॅसेटवर उतरवून विकायचे. तबकडी लहान, टेप लांब. उरलेली टेप कोरी कशी सोडायची? मग हाताला लागेल ते गाणं शेवटी चिकटवून द्यायचे. "भरतीचं गाणं रे ते! टेप संपली की गाणं मध्येच तुटलं, तरी कोण विचारतो? माझ्या एका कॅसेटला शेवटी तीन ओळी नाताळचं गाणं आहे."

हारतादीने कॅसेट खिशात घातली. वाईट वाटलं, नाही कसं? ज्या गाण्यासाठी ती कॅसेट जपली, ते तिच्यातलं नव्हतंच. पण कॉफी संपेपर्यंत त्याचं डोकं दुसरीकडे धावायला लागलं होतं. निकी लोस या बँडचा नाही, म्हणजे त्याची स्वतःची तबकडी असणार. त्या तबकडीवर हे गाणं अख्खं असणार. शेवटासकट! त्याने आनिंद्याला फोनवर शोधायला लावलं. तिने हर तऱ्हेने शोधलं. निकी लोस जगात कुठेच सापडला नाही.

घरी आला तेव्हा वारसिनी तेंपे चिरत होती. सुराबायाला असणाऱ्या मुलीला संदेश पाठव, तिला शोधायला सांग, असा त्याने घोशा लावला. त्याला चष्मा सापडेना म्हणून हात पुसून तिलाच फोन घ्यावा लागला.

"नाव सांगा. एकेक अक्षर सांगा, नाहीतर चुकेल."

"एन."

"हं."

"आय. के. आय. मग जागा सोड. एल. ओ. एस."

वारसिनीचं बोट फोनवर थांबलं. ती मलांगची नव्हती, केदिरीची. नवी नवरी म्हणून आली तेव्हा नणंदा तिच्यासमोर उलटं बोलायच्या आणि फिदीफिदी हसायच्या. तिला ते कानाने कधी जमलं नाही. मग तिने आपला मार्ग काढला. कुठलाही विचित्र शब्द आला की मनात त्याची अक्षरं मांडायची आणि शेवटून वाचत यायचं. मलांगात जन्मलेल्यांना याची गरजच पडत नाही. ते बोलतात, अक्षरं मोजत नाहीत. हिला मात्र सवयच लागली, दुकानांच्या पाट्यासुद्धा ती एकदा शेपटीकडून वाचून घेते.

"एस," ती हळूच म्हणाली. "ओ. एल. आय. के. आय. एन."

"उलट कुठे चाललीस?"

"सोलिकिन," वारसिनी म्हणाली. "अहो पाक, हा सोलिकिन आहे."

हारतादीने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने भर कढईत पाणी ओतलं होतं. "सोलिकिन? सोलिकिन असतो आपल्याकडचा पंक्चरवाला! ग्रीक माणसाचा सोलिकिन करतेस?"

"मी कुठे करतेय? त्याने स्वतःच केलाय. आणि तुम्ही हो? जन्मापासून उलटं बोलता. मला हसलात तुम्ही सगळे. आणि चाळीस वर्षं खिडकीत पडलेलं एक नाव वाचता येईना?"

"ते इंग्रजी होतं!"

"काय इंग्रजी होतं? सोलिकिन?"

तो रागाने उठून गेला. दुपारी मात्र त्याने कॅसेट लावली, शेवटच्या गाण्यापर्यंत पुढे नेली आणि डावा कान स्पीकरला टेकवला. या वेळी त्याने ग्रीक खलाशी डोक्यातून काढून ऐकलं. गाण्यात 'फॉरेव्हर' असा शब्द येतो. निकी लोस म्हणत होता 'पोरेपर'. दुसरीकडे 'फार अवे' येतं. निकी लोस म्हणत होता 'पार अवे'. इथल्या माणसाच्या तोंडात फ टिकत नाही, हे हारतादीला काय कुणी सांगायला हवं? इतकी वर्षं तो याला ग्रीक हेल समजत होता. तो एकटाच हसायला लागला, आणि हसता हसता ताडकन उभा राहिला. कारण ग्रीसचा निकी लोस कधीच सापडला नसता. सोलिकिन सापडू शकत होता. जिवंत असला तर त्याला विचारता आलं असतं.

कांदारला फोन गेला. कांदार पलीकडून ओरडला, "तुरेनचा सोलिकिन? लग्नांत गायचा तो? अरे, आहे की! त्याचा मुलगा गितो, होरेगवाला."

होरेग म्हणजे हारतादीचा जन्माचा वैरी. ट्रकवर दुमजली घराएवढी स्पीकरची भिंत रचायची आणि मिरवणुकीत खिडक्यांच्या काचा खळाखळा हलतील अशा आवाजात ठोकायचं, ही मलांगकडची नवी हौस. "हे संगीत नाही, भूकंप आहे," असं तो नेहमी तावातावाने म्हणायचा. आता त्याच भूकंपाच्या दारी जायचं होतं. वारसिनीने डोक्याला रुमाल बांधला आणि मोटरसायकलवर मागे बसली.

"तू कशाला?"

"मी शोधलाय त्याला. मी येणार."

मलांगजवळच्या तुरेन गावी गितोच्या अंगणात ट्रक उभा होता, स्पीकरची भिंत ताडपत्रीखाली. तिच्या सावलीत एक बारकेला म्हातारा बदकांना कोंडा घालत होता. गितो, चाळिशीचा दांडगा माणूस, वायरी गुंडाळत होता. हारतादीने वाटेत मनाशी बरंच काही जुळवलं होतं, ते सगळं विसरून त्याने कॅसेटचं वेष्टन पुढे केलं आणि बोट ठेवलं. "पाक सोलिकिन, हे तुम्ही का?"

म्हाताऱ्याने वेष्टन लांब धरलं, जवळ धरलं. मग त्याच्या तोंडातला एकुलता एक पुढचा दात दिसला. "निकी लोस! अरे गितो, हे बघ, तुझ्या बापाला कुणीतरी विचारत आलंय!"

"मग तुम्हीच?"

"मीच. दुकानदार म्हणाला, कॅसेटवर सोलिकिन छापलं तर घेईल कोण? साहेबी नाव सांग. मी म्हटलं, माझंच उलटं करा. त्याने मध्ये जागा सोडली आणि मी झालो साहेब." म्हातारा खूश होऊन हसला. मग वेष्टन परत देत म्हणाला, "पण दादा, तुम्हाला हे कसं माहीत? ते तर भरतीचं. खरी गाणी संपली की लोक बंद करतात."

"मी नाही केलं बंद," हारतादी म्हणाला. "रोज ऐकलं. चाळीस वर्षं."

सोलिकिनने हातातलं कोंड्याचं टोपलं खाली ठेवलं. बदकं त्यावर तुटून पडली, त्याचं लक्ष नव्हतं. त्याने हारतादीला बाकावर बसवलं, वारसिनीला बसवलं, सुनेला चहा सांगितला, आणि मग पुन्हा विचारलं, "रोज?"

"रोज," वारसिनी म्हणाली. "मला विचारा."

"शेवट सांगा," हारतादी म्हणाला. "तुम्ही म्हणता, आय कम टू. आणि टेप संपते. कुठे येता तुम्ही?"

सोलिकिन विचारात पडला. ओठ हलवून पाहिले, कपाळ चोळलं, हात टेकले. "नाही हो आठवत. अशी कितीतरी गायली तिथे, कधी याचं नाव, कधी त्याचं. कसं होतं ते?"

हारतादी आयुष्यात कुणासमोर गायला नव्हता. त्याने वारसिनीकडे पाहिलं. ती म्हणाली, "म्हणा की. ऐकणाऱ्याने ऐकवायचं नाही असा कुठे कायदा आहे?" मग तो उभा राहिला आणि गायला लागला. सूर कुठल्या कुठे, कारण स्वतःचा आवाजही त्याला अर्धाच ऐकू येत होता. पण एकही शब्द सुटला नाही. पोरेपर, पार अवे, सगळं जसंच्या तसं. गितो वायर हातात धरून बघत राहिला. सोलिकिनची बोटं मांडीवर गिटारच्या तारा शोधायला लागली. हारतादी शेवटाशी आला. आय कम. आय कम. आय कम टू... आणि सवयीने त्याने तोंडाने खटकाही वाजवला.

सोलिकिनचे डोळे मिटलेले होते. जीभच आठवत गेली. त्याने तीच ओळ पुन्हा धरली आणि पुढे गेला. आवाज म्हातारा, बारीक, जवळजवळ श्वासाएवढा. हारतादी वाकला, डावा कान त्याच्या तोंडाशी नेला. ओठ हलताना दिसले. पण शेवटचा शब्द त्याच्यापर्यंत आलाच नाही.

वारसिनीने मात्र तोंडावर हात दाबला. तिचे खांदे हलायला लागले.

"काय? काय म्हणाला?" हारतादी कावराबावरा झाला. "बू, काय म्हणाला तो?"

वारसिनीला हसू आवरत नव्हतं आणि डोळ्यांत पाणीही आलं होतं. सांगायला तिने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. "नाही सांगणार. माझ्या तोंडून नको. इतकी वर्षं थांबलात, तुम्हीच ऐका." ती गितोकडे वळली. "ए दादा, तुझा तो ट्रक सुरू कर."

गितोने बापाकडे पाहिलं. बाप म्हणाला, "कर."

ताडपत्री ओढली गेली. जनरेटर खोकला आणि धडधडू लागला. सोलिकिनच्या हातात माईक दिला तर तो नुसता खाकरला, तेवढ्याने कौलं वाजली आणि बदकं किंचाळत कुंपणापलीकडे गेली. शेजारपाजारची माणसं बाहेर आली. आज मिरवणूक आहे का, असं विचारू लागली. संगीत नव्हे भूकंप म्हणणारा हारतादी स्वतः चालत गेला आणि त्या भिंतीला पाठ टेकून उभा राहिला, तरुणपणी स्पीकरला चिकटून उभा राहायचा तसा.

मग गाणं आलं. ते त्याच्या कानात आलं की नाही कोण जाणे, पाठीच्या कण्यातून, दातांतून, पायाखालच्या मातीतून मात्र आलं. आय कम. आय कम.

"आय कम टू नकम!"

नकम. इंग्रजी नव्हेच ते. इथल्या भाषेत मकन म्हणजे जेवणं, तेच उलटं. मलांगची पोरं शाळा सुटल्यावर ओरडत घराकडे धावतात ना, नकम, नकम, ते. ग्रीसचा खलाशी, मिठाचं बंदर, दूर देशीचा विरह, आणि शेवटी म्हणतो काय, तर येतो येतो, जेवायला येतो.

गल्ली हसली. हारतादीही हसला, पोट धरून हसला, आणि भिंतीला टेकूनच खाली बसला. हसणं थांबलं तरी डोळे पुसणं थांबेना. आनंदच झाला होता त्याला. शेवट सापडला होता. त्याने हातानेच खूण केली, पुन्हा, आणि सोलिकिनने पुन्हा म्हटलं.

"ते खरंच होतं हो," सोलिकिन म्हणाला. माईक त्याच्या हातातच होता, तो बंद करायचं कुणाला सुचलं नाही. "दुकानदार म्हणाला होता, गाऊन झालं की जेवण. आदल्या दुपारपासून पोटात काही नव्हतं. त्याची बायको आत काळा रस्सा करत होती, रावोन, वास येत होता. तो खूण करत होता, अजून टेप शिल्लक आहे, गात राहा. मी आपला ओळी जोडत राहिलो. शेवटी राहवेना, म्हणून टाकलं ते. मला वाटलं खवळेल."

"आणि तुमचा आवाज..." हारतादी म्हणाला. "तो कापतो. मी सगळ्यांना सांगत आलो, असं दुःख कुणाच्या गळ्यात नाही."

"दुःख कसलं, दादा. भूक होती ती."

वारसिनी येऊन हारतादीच्या शेजारी जमिनीवर बसली. तो आल्यापासून या म्हाताऱ्याला अहो-जाहो करत होता, पण आता त्याच्यासमोर दिसत होता तो गिटार घेऊन उपाशी गाणारा पोरगा. बहिऱ्या माणसाला असतो तसा त्याचा आवाज नको इतका मोठा लागला.

"मग वाढलं का रे त्यांनी? जेवलास का?"

सोलिकिनने माईक या हातातून त्या हातात घेतला, खाली पाहिलं, नाक ओढलं, आणि ते नाक ओढणंसुद्धा अख्ख्या तुरेनला ऐकू गेलं.

"जेवलो," तो म्हणाला. "दोनदा मागून घेतलं."